दारूकोठाराबाहेरचे बूट

तुम्ही एक माणूस मारलात आणि तो भुताच्या नावावर खपवलात.

तुम्ही कोण, कुठल्या मजल्यावर बसता, हे आम्हाला ठाऊक नाही. तुमच्या दारावर पाटी असेल, नसेल. पण ही गोष्ट तुमची आहे, म्हणून तुम्हालाच सांगायला घेतली आहे. बाकीच्यांनी ऐकली तर बिघडत नाही. त्यांनी ऐकावीच.

१

दारूकोठाराचं दार सताड उघडं होतं आणि दाराबाहेर बुटांचा एक जोड होता. जाड रबरी तळाचे बूट. टाचा भिंतीला टेकवलेल्या, चवडे बाहेर. कवायतीला उभे केल्यासारखे.

त्या बुटांचा मालक आत दगडी फरशीवर उताणा पडला होता. वायरमन. किल्ल्यावर रोषणाई बसवायला शहरातून आलेला, तिशीतला, दणकट. डोळे उघडे, तोंड उघडं, दोन्ही हात छातीशी आवळलेले.

फौजदारबाई उंबऱ्याशी थांबल्या. ठाण्यात सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. जिभेला धार असल्यामुळे त्यांची सारखी बदली व्हायची, आणि नव्या ठाण्यात कुणालाच नको असलेलं प्रकरण त्यांच्याच गळ्यात पडायचं. हेही तसंच पडलं होतं. निघताना वरिष्ठांनी बजावलं होतं, "संध्याकाळी त्या रोषणाईचं उद्घाटन आहे. मोठे पाहुणे आहेत. त्याच्या आत फाईल मिटवा. माणूस घाबरून मेलाय, त्यात शोधायचं काय?"

"घाबरून मेला हे तुम्हाला कुणी सांगितलं, साहेब? डॉक्टर अजून पोचायचाय."

"जास्त डोकं लावू नका," असं म्हणून वरिष्ठांनी फोन ठेवला होता.

"या ना आत," आतून किल्ल्याचे अधीक्षक म्हणाले. पांढरे स्वच्छ कपडे, पायात चकचकीत बूट. ते तसेच आत फिरत होते. रोषणाईचा मुकादमही मघाशी तसाच बुटांसकट आत घुसून बाहेर गेला होता. "इथले लोक बूट काढून येतात. मी असल्या गोष्टी मानत नाही. तुम्ही या तशाच."

बाईंनी बूट काढले. भुताला घाबरून नव्हे. पण दारात चार जण अनवाणी उभे असताना आपण पायताणं वाजवत जाणं त्यांना बरं दिसेना. त्या दोन पावलं आत गेल्या तोच मागे काहीतरी खरखरलं. वळून पाहिलं तर किल्ल्याचा म्हातारा चौकीदार वाकून त्यांचे बूट उचलत होता. सगळे त्याला हवालदार म्हणत. कधीकाळी पलटणीत होता. त्यानं बाईंचे बूट फिरवून टाचा भिंतीला लावल्या आणि बाजूला झाला.

"सकाळी दार यानंच उघडलं," अधीक्षक म्हणाले. "हवालदार, सांग."

"उघडलं. हे दिसले," हवालदार म्हणाला.

शिपायानं मयताचे खिसे तपासले. रुमाल, पेन्सिलीचं थोटूक, आणि चिनी मातीची एक पांढरी वस्तू, हाताच्या मुठीत मावेल एवढी, दोन टोकांना पितळी पट्ट्या.

"ताईत असणार!" दारातून आवाज आला. हा किल्ल्याचा गाईड. एकदा सुरू झाला की बंद होत नसे, म्हणून त्याचं नाव पडलं होतं रेडिओ. "भुतापासून रक्षण म्हणून लोक काय काय बाळगतात, मॅडम. पण आमच्या पहारेकऱ्यापुढे ताईताचं काही चालत नाही."

"तुमचा पहारेकरी हातही भाजतो का?" बाईंनी विचारलं. त्यांनी मयताची मूठ जरा उघडून पाहिली होती. तळव्यावर काळपट खळगा पडला होता. दुसऱ्या तळव्यावरही.

रेडिओ एक क्षण अडखळला. एकच. "भाजतो तर! दारूच्या स्फोटात मेलेला तो. अंगात अजून आग आहे त्याच्या."

बाई काही बोलणार एवढ्यात बाहेर गलका झाला. वायरमनची बायको शिपायाला ढकलून दारापर्यंत आली होती. मागून तिचा दीर तिला "वहिनी, थांब, वहिनी" म्हणत ओढत होता. तिनं आत पडलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. मग खाली बुटांकडे पाहिलं.

"हे बूट त्यांनी काढलेले नाहीत," ती म्हणाली. "कुणी काढले?"

२

अधीक्षकांच्या कचेरीशेजारच्या खोलीत बाईंनी तिला बसवलं. दीर दारातच घुटमळत होता.

"ताई, आमचे हे कामावर बूट काढत नाहीत," ती सांगू लागली. "जेवताना नाही, पाय दुखले तरी नाही. लग्नाआधी एकदा झटका बसला होता त्यांना. तेव्हापासून म्हणायचे, घरात तू माझी बायको, कामावर हे बूट. मी चिडायचे. तर आणखी चिडवायचे."

"इथल्या लोकांनी काढायला सांगितले असतील."

"देवळात सांगितलं तर बाहेरून हात जोडून परत यायचे, पण कामाच्या मध्ये बूट नाही काढायचे. आणि कोठारात त्यांचं काम काय? दिवे तर वर बुरजावर लावत होते. परवाच म्हणाले, कोपऱ्यावरच्या बुरजाचा लोखंडी कठडा तेवढा राहिलाय."

दीर पुढे झाला. "वहिनी, कशाला उगाच? साहेब चांगले आहेत. सही कर, दुपारपर्यंत त्याला घरी नेऊ."

"कसली सही?" बाईंनी विचारलं.

दिराच्या हातातला कागद बाईंनी घेतला. भीतीमुळे हृदय बंद पडून मृत्यू. आमची कुणाबद्दल तक्रार नाही. टाईप केलेला. डॉक्टर अजून पोचलेला नव्हता आणि कागद मात्र तयार होता.

"आणि तुम्हाला काय कबूल केलंय?" बाईंनी दिराला विचारलं.

"मला? काही नाही... म्हणजे, गेटवर एक जागा आहे म्हणाले."

"भाऊ थंड व्हायच्या आत नोकरी लागली. शाब्बास."

दीर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. वायरमनच्या बायकोनं डोळे पुसले. तिचा आवाज एकदम कोरडा झाला. "ताई, मला मुलगी आहे. उद्या शाळेत पोरं तिला म्हणणार, तुझा बाप भूत बघून मेला. जन्मभर म्हणणार. आज ही सही झाली की तेच खरं. माझा माणूस कसा मेला, ते मला कागदावर पाहिजे. संध्याकाळी ते दिवे लावतील, हार घालतील आणि मग कुणाला वेळ आहे?"

"संध्याकाळपर्यंत माझ्याकडे आहे," बाई म्हणाल्या, आणि कागद घडी करून स्वतःच्या खिशात टाकला.

३

रेडिओला बोलतं करावं लागत नाही, थोपवावं लागतं.

"वेढा पडला होता, मॅडम. कोठार दारूनं गच्च भरलेलं. नियम असा की आत बूट न्यायचे नाहीत. तळाला खिळे, फरशी दगडी. एक ठिणगी उडाली की संपलं. बूट बाहेर ठेवायचे तेही चवडे बाहेरच्या बाजूला करून, म्हणजे पळायची वेळ आली तर पाय घातला की सुटलं. एक पहारेकरी घाईत बुटांसकट आत गेला. सगळी तुकडी उडाली. त्याचे फक्त बूट सापडले. तेव्हापासून तो अनवाणी फिरतो, आणि जो बूट घालून आत जाईल त्याला..." त्यानं मान कलती करून जीभ बाहेर काढली.

"पण हा तर बूट काढून आत गेला होता म्हणता. मग त्याला का धरलं?"

"ते... भुताचा मूड, मॅडम."

"बूट तसे ठेवायची पद्धत अजून कोण पाळतं?"

"आम्ही किल्ल्यावरची माणसं. मी, हवालदार. अंगवळणी पडलंय. पर्यटक काय, कुठेही भिरकावतात."

"काल दिवेलागणीला तू कुठे होतास?"

रेडिओचा चेहरा उजळला. "खालच्या हिरवळीवर, अख्खा गट घेऊन! आणि काय सांगू, मॅडम, पहारेकऱ्याची मशाल दिसली! कोपऱ्यावरच्या बुरजावर निळा लोळ उठला, पाठोपाठ सगळा बुरूज दिवसासारखा उजळला, थोडा वेळ तसाच राहिला आणि मग गुडुप. लोळाबरोबरच किंकाळी. असली किंकाळी मी आयुष्यात ऐकली नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या!"

"टाळ्या?"

"त्यांना वाटलं, कार्यक्रमातच आहे." हे बोलता बोलता रेडिओच्या चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू मालवत गेला. आपण काय सांगतो आहोत हे त्याला आता कळू लागलं होतं. "मॅडम... ती मशाल नव्हती का?"

बाईंनी रोषणाईच्या मुकादमाला बोलावलं.

मुकादम घामाघूम होता. आपण काल दुपारीच तारा आणायला शहरात गेलो, रात्री दुकानदाराकडेच मुक्काम केला, हे त्यानं न विचारता सांगून टाकलं. बाईंनी टेबलावर ती चिनी मातीची पांढरी वस्तू ठेवली. "गाईड म्हणतो, ताईत आहे."

मुकादमानं ती उचलून उलटी करून पाहिली.

"फ्यूज आहे, बाई. बुरजाच्या लाईनचा. तो वर चढण्याआधी बोर्डावरचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घालायचा. म्हणायचा, मुकादम, बटण कुणीही दाबेल. फ्यूज माझ्या खिशात असला की माझा जीव माझ्या खिशात. मी हसायचो त्याला."

"म्हणजे हा खिशात असताना कठड्यात वीज येणार नाही."

"येऊच शकत नाही. बोर्डात दुसरा बसवला तरच." त्यानं कपाळाला हात लावला. "शिल्लकचे तिथेच कपाटात असतात."

"बोर्डाच्या खोलीची किल्ली?"

मुकादमानं शेजारच्या कचेरीकडे नुसती नजर टाकली.

४

अधीक्षकांनी किल्ली हसत हसत दिली. "बघा हवं तर. काल सकाळी वायरमननं किल्ली परत दिली, त्यानंतर मी ती खोली उघडलेली नाही. वीज बंद होती. काम चालू होतं ना."

खोली लहान होती. भिंतीवर लाकडी बोर्ड, त्यावर ओळीनं फ्यूज, सगळे धुरकटलेले, धुळीनं पिवळे पडलेले. मधला एक मात्र नव्या कपबशीसारखा पांढरा. खाली चिठ्ठी चिकटवलेली होती: कोपरा बुरूज.

बाई तिथून थेट बुरजावर गेल्या. पायऱ्या झिजलेल्या, वारा उभं राहू देत नव्हता. उद्घाटनासाठी वर झालर लावायचं काम चाललं होतं. नव्या लोखंडी कठड्याला एके ठिकाणी रंग उकळून फोड आले होते. जवळच पाणी जायच्या पन्हळीत पक्कड अडकली होती. तिचं टोक वितळून गोळा झालं होतं. एका हातात पक्कड, दुसरा हात कठड्यावर. पायात रबरी तळ होते, पण वीज पायांतून गेलीच नव्हती. ती या हातातून त्या हातात गेली, मध्ये छाती होती.

खाली हिरवळीवर खुर्च्या मांडत होते. कालची माणसं तिथेच उभी राहून टाळ्या वाजवत होती.

बाईंनी शिपायाला पक्कड रुमालात बांधायला सांगितलं. "मेला इथे. सापडला कोठारात. मधलं अंतर तो चालत गेला नाही. आता प्रश्न दोनच आहेत. फ्यूज कुणी बसवला आणि त्याला खाली कुणी नेला."

"एकच माणूस असेल, बाई."

"नाही. तिथेच तर सगळे फसले."

५

अधीक्षकांच्या कचेरीत बाईंनी सगळ्यांना उभं केलं. वायरमनची बायको दाराजवळच्या बाकावर बसली.

"तो बुरजावर मेला, विजेनं," बाई म्हणाल्या. "मग त्याला कोठारात आणला, कारण कोठारात भूत राहतं. भुताला जबाब द्यावा लागत नाही. आणणाऱ्यानं त्याला आत ठेवला, त्याचे बूट काढले आणि बाहेर ठेवले. का काढले? ज्याला भुताची गोष्ट रचायची आहे, त्याच्यासाठी पायातले बूट सोन्यासारखे होते. बूट घालून आत गेला, पहारेकऱ्यानं धरला, गोष्ट पक्की. तरीही काढले. विचार करून कुणी असं करणार नाही. हे हातानं केलं, डोक्यानं नाही. ज्या माणसाला त्या उंबऱ्यापलीकडे बूट नेणं जमतच नाही, मेलेल्याच्या पायातलेसुद्धा, त्याच्या हातानं."

सगळ्यांच्या नजरा एकमेकांच्या पायांकडे गेल्या.

"मुकादम सकाळी कोठारात बुटांसकट घुसला होता. तो नव्हे. अधीक्षकही तसेच फिरत होते. त्यांना अशी सवयच नाही. रेडिओ सबंध गटासमोर हिरवळीवर होता." बाईंचा आवाज उतरला. "हवालदार, सकाळी तुम्ही माझेही बूट फिरवलेत. तुमच्या लक्षात तरी आलं का?"

म्हातारा ताठ उभा होता. "नाही आलं, बाईसाहेब."

"एकट्यानं आणलात?"

"पाय मी धरले. डोक्याकडून साहेबांनी. दारापासून आत मी एकट्यानं ओढला." त्यानं वायरमनच्या बायकोकडे पाहायचं टाळलं. "हुकूम होता."

"पलटण सुटून किती वर्षं झाली, आणि हुकूम अजून सुटत नाही," ती बाकावरून म्हणाली. आवाजात शिवीपेक्षा वाईट काहीतरी होतं.

बाई अधीक्षकांकडे वळल्या. "किल्ली तुमच्याकडे. नवा फ्यूज तुमच्या कपाटातला. बुरूज उजळलेला अख्ख्या गटानं पाहिला. तुमच्याच गाईडनं साक्षीदार गोळा करून ठेवलेत. आधी ती त्यानं भुताची मशाल म्हणून मिरवली, आता तीच तुम्हाला नडली."

"मला त्याला मारायचं नव्हतं!" अधीक्षक ओरडले. "फोन आला होता. पाहुणे कालच आले होते, शहरातल्या गच्चीवरून त्यांना रोषणाई एकदा बघायची होती. लगेच. मी म्हटलं, माणूस कठड्यावर आहे. पलीकडून म्हणाले, त्याला हाक मारा आणि लावा, थांबायला वेळ नाही. मी हाक मारली. वाऱ्यात त्याला ऐकू गेली नसेल. मला वाटलं, उतरला असेल."

"वाटलं."

"बोर्डात फ्यूज नाही हे बघितल्यावर तरी कळायला हवं होतं, हे मला कळतंय आता. पण फोन चालू होता हो! कानाला फोन लावून मी तो बसवला."

"फोन कुणाचा होता?"

अधीक्षकांनी मान खाली घातली. बाईंनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. माणूस स्वतःचा गुन्हा सांगायला तयार होता, पण ते नाव सांगायला त्याची जीभ उचलत नव्हती. भुताला भितात ते असं.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला.

६

सरकारी डॉक्टर होता. दुपारपर्यंत हाच डॉक्टर "लिहून टाकू हृदयविकार" म्हणत होता. बाईंनी वितळलेली पक्कड त्याच्या टेबलावर पाठवली तेव्हा कुठे त्यानं नीट काम केलं. आता त्याचा आवाज वेगळा होता.

"बाई, वीजच आहे. पण आणखी एक. नाकात, घशात, पार खाली श्वासनळीपर्यंत काळी धूळ आहे. मी कोठारातल्या फरशीवरची धूळ मागवून बघितली, तीच. बुरजावर असली धूळ नाही. मेलेला माणूस श्वास घेत नाही. फरशीवर पडून त्यानं बराच वेळ घेतलाय."

बाईंनी फोन खाली घेतला. त्यांनी काय ऐकलं ते सगळ्यांना सांगितलं; वायरमनच्या बायकोला बाहेर पाठवून सांगावं असं त्यांच्या मनात आलं होतं, पण ती ऐकण्यासाठीच तर सकाळपासून बसली होती.

"हवालदार?"

"अंग गरम होतं," म्हातारा पुटपुटला. "मी म्हटलं साहेबांना. साहेब फोनवर होते."

अधीक्षक दोन्ही हातांत तोंड लपवून बसले होते. "मी विचारलं होतं," ते हातांतूनच म्हणाले. "मी त्यांना सांगितलं, धुगधुगी वाटतेय, डॉक्टरला बोलावतो. ते म्हणाले, पाहुणे गच्चीवर आहेत, किल्ल्यावर दवाखान्याची गाडी चढताना दिसता कामा नये. म्हणाले, तुमच्याकडे ते कोठार आहे ना भुताचं?"

वायरमनची बायको उठली. ती अधीक्षकांसमोर गेली नाही, हवालदाराकडेही नाही. टेबलावर पडलेल्या अधीक्षकांच्या फोनजवळ गेली आणि त्याच्यावर हात ठेवून उभी राहिली, जणू तो आत्ता वाजेल आणि तिला त्या माणसाशी बोलता येईल.

तो वाजला नाही.

अधीक्षक आणि हवालदार दोघे त्या दिवशी ठाण्यात गेले. उद्घाटन ठरल्या वेळी झालं. फ्यूज बदलायला दुसरा वायरमन आणला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फौजदारबाईंनी फोन कुणी केला याची लेखी विचारणा वर पाठवली; त्यांची बदली झाली. विचारणेला जे उत्तर आलं त्यात म्हटलं होतं, असा कोणताही फोन कार्यालयातून करण्यात आलेला नाही.

कार्यालयातून नसेल. तुमच्याकडून?

माणूस अंधारात धूळ ओढत पडला होता, तेव्हा दवाखान्याची गाडी नको असं तुम्ही म्हणालात. त्याची बायको रोज ठाण्यात येऊन एकच विचारते. त्याला पाणी हवं असेल का, हे ती विचारत नाही. ते तिला रात्री झोपू देत नसणार. ती विचारते, नाव काय त्या माणसाचं?

तिला नाव पाहिजे. सांगा.